बंदुकीचं कारण कोणी सांगायचं?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले : बंदूक बाळगणं हा आपल्याकडे नागरिकाचा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. त्या वाचकाची तक्रार वेगळीच होती. जमिनीच्या भांडणात शेजाऱ्यानं बंदूक दाखवून दम दिला होता, आणि त्याचं उत्तर तिथंच संपलं. पत्रं मात्र आली ती सगळी या एका वाक्यावर. काहींनी मला सरकारधार्जिणी ठरवलं, काहींनी 'मुळात परवानगी तरी द्यायची कशाला' म्हणून फैलावर घेतलं. दोन पत्रं अगदी कामाची आहेत, ती शेवटी घेतली आहेत. फौजदारी कोर्टात आयुष्य गेलेल्या बाईला हा विषय काही नवा नाही, तेव्हा या वेळी सगळी जागा यालाच देते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क सरळ लिहिलेला आहे. तिथलं सरकार नागरिकांवर विश्वास ठेवतं, असाच त्याचा अर्थ ना? मग बाकीच्या लोकशाही देशांना हे का जमत नाही?
(एक निवृत्त अभियंता)

उत्तर : विश्वासाचं म्हणाल, तर ते कलम सरकारवरच्या अविश्वासातून आलं आहे. त्याचं मूळ इंग्लंडात सापडतं. दुसऱ्या जेम्स राजानं कॅथलिकांच्या हाती शस्त्रं दिली आणि प्रॉटेस्टंटांची काढून घेतली, अशी तिथल्या संसदेची तक्रार होती. त्याला घालवल्यावर १६८९ साली संसदेनं हक्कांची जी सनद केली, तिच्यात 'प्रॉटेस्टंट प्रजेला आपल्या स्थितीला साजेशी आणि कायदा मुभा देईल तशी शस्त्रं स्वसंरक्षणासाठी ठेवता येतील' असं एक कलम घातलं. अमेरिकेतल्या वसाहतींनी ही भीती वारसाहक्कानं घेतली. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती म्हणते की, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तबद्ध नागरी सेना लागते, म्हणून लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या हक्कावर गदा येऊ नये.

आता हा हक्क नागरी सेनेतल्या माणसाचा, की घरात बसलेल्या कुणाचाही? यावर त्यांचं सर्वोच्च न्यायालय स्पष्ट बोललं ते थेट २००८ साली, हेलर खटल्यात. वॉशिंग्टन शहरात घरातसुद्धा पिस्तूल ठेवायला बंदी होती आणि रायफल किंवा शॉटगन ठेवायची तर ती सुटी करून किंवा चापाला कुलूप घालून ठेवावी लागे. पाच विरुद्ध चार मतांनी हे दोन्ही रद्द झालं आणि हक्क व्यक्तीचा ठरला. दुरुस्ती झाल्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, आणि तेही एका मतानं! ज्यांना हे कलम दगडावरची रेघ वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया हे काही बंदूकविरोधी नव्हते, पण त्यांनीही लिहून ठेवलं की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवरची आणि मनोरुग्णांवरची बंदी, शाळांतली आणि सरकारी इमारतींतली बंदी, यांना या निकालानं धक्का लागत नाही.

मला मात्र २०२२ चा न्यूयॉर्कचा निकाल जास्त बोलका वाटतो. घराबाहेर पिस्तूल लपवून नेण्याचा परवाना हवा, तर तिथं चारचौघांपेक्षा वेगळी, खास गरज दाखवावी लागे. सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट उडवली. हक्क आहे म्हटल्यावर तो वापरण्यासाठी नागरिकानं गरज का सिद्ध करायची, असा त्यांचा रोख होता. सगळा फरक इथं आहे. अमेरिकेत 'का नको' हे सरकारनं सांगायचं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, भारत इथं 'का हवी' हे तुम्ही सांगायचं. बाकी कुलपं, नोंदी, नूतनीकरण, गोळ्यांचा हिशोब हे सगळं त्यातूनच पुढं निघतं.

राज्यघटनेतच असा हक्क देणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत : अमेरिका, ग्वाटेमाला, मेक्सिको. त्यातही मेक्सिकोचा हक्क घरात शस्त्र ठेवण्यापुरता, आणि तिथं कायदेशीर विक्री लष्कराच्या हातात. तेव्हा घटनेत हक्क लिहिला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असंही नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मी परवानगीच्या बाजूची आहे. पण परवानगी देणाऱ्यालाही लेखी कारणं देण्याचं बंधन हवं, नाहीतर ती साहेबाची मेहेरबानी होते. त्याबद्दल पुढं एका पत्रात येईलच.

प्रश्न : संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांचं सर्वांत काळं कृत्य, असं खुद्द गांधीजी म्हणाले होते. मग स्वतंत्र भारतानं हा हक्क घटनेत का घातला नाही? नि:शस्त्र जनता गुलामच होते.
(कायद्याचा विद्यार्थी)

उत्तर : वाक्य खरं आहे. तुम्ही पाठवलंत तेवढंच सगळीकडे फिरतं, पुढचं फिरत नाही. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करत होते. त्या भरतीच्या पत्रकातलं हे वाक्य आहे, आणि त्याच्या पुढंच त्यांनी लिहिलंय की हा कायदा रद्द व्हायला हवा असेल, शस्त्रं चालवायला शिकायचं असेल, तर ही सुवर्णसंधी आहे. म्हणजे सैन्यात जा. घरोघरी पिस्तूल ठेवा असं ते सांगत नव्हते.

कायद्याबद्दलचा राग मात्र शंभर टक्के रास्त होता. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. भारतीय माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट. अपमान त्या सुटीत होता. म्हणून १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात, दोन्हींत मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क सापडतो. 'त्यासंबंधीच्या नियमांच्या अधीन' ही पुस्ती दोन्हीकडे आहे, हेही बघा.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली, कराची ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आजच्या परिस्थितीत शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा वेळ आल्यास देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. शिवाय हक्क म्हटला की तो चोरदरोडेखोरांनाही मागता येणार, हा साधा व्यवहार होताच. फाळणीचं रक्त तेव्हा वाळलंही नव्हतं. त्या सभागृहात बसून मी वेगळं मत दिलं असतं असं मला वाटत नाही. आज घटनेतल्या मूलभूत हक्कांत शस्त्रांचा उल्लेख आहे तो एकोणिसाव्या अनुच्छेदात, नागरिकांना 'शांततेनं आणि विनाशस्त्र' जमण्याचा हक्क आहे, असा. पुढं १९५९ चा शस्त्र कायदा आला, त्यात वंशाची भानगड गेली, परवाना सर्वांना सारखा झाला. सर्वांना म्हणजे जवळजवळ सर्वांना. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेनं आलेल्या, जमिनींच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासूनची सूट आजही आहे, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ साली ती उचलून धरली.

'नि:शस्त्र जनता गुलाम होते' या तुमच्या सूत्राबद्दल. १८७८ पुरतं ते बरोबर आहे, हे मी मान्य करते. पण सशस्त्र नागरिक म्हणजे कोणता नागरिक, हे आधी विचारत जा. अमेरिकेत १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिक मानायला नकार देताना एक भीती बोलून दाखवली : नागरिक मानलं तर त्यांना शस्त्रं घेऊन कुठंही फिरता येईल! आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक भरलेल्या बंदुका उघड घेऊन हिंडू लागले, तेव्हा भरलेलं शस्त्र सार्वजनिक जागी नेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. हक्काची महती गाणाऱ्यांच्या गोटातूनच हे झालं. परीक्षेत हे लिहा, परीक्षक खूश होईल.

प्रश्न : स्वसंरक्षणाचा हक्क कायदा मला देतो. मी एकटी राहते. मग संरक्षणाचं साधन जवळ ठेवायला मी कुणाची परवानगी का मागायची? हक्क द्यायचा आणि साधन काढून घ्यायचं, ही फसवणूक नाही का?
(एक वाचक)

उत्तर : हे आलेलं सगळ्यात बिनतोड पत्र. ते मी दोनदा वाचलं.

स्वसंरक्षणाचा हक्क आहेच. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. तो मापात वापरायचा असतो. जिवावर बेतलं, बलात्काराचा, अपहरणाचा प्रयत्न झाला, तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. नुसत्या चोरीसाठी राहत नाही. पण कायदा तुम्हाला प्रतिकाराची मुभा देतो, ठरावीक हत्याराची हमी देत नाही. फसवणूक म्हणावी तर अपुरेपणा म्हणेन मी. ऑस्ट्रेलियात तर स्वसंरक्षण हे बंदूक मागायला वैध कारणच धरत नाहीत. आपला कायदा धरतो, फक्त जिवाला गंभीर धोका असल्याचं दाखवावं लागतं. तुम्हाला धमक्या आल्या असतील, त्याच्या तक्रारी नोंदवल्या असतील, तर तुमचा अर्ज टिकू शकतो. नुसतं एकटं राहणं पुरणार नाही.

आता कायदा बाजूला ठेवून बोलते. सत्र न्यायालयात मुद्देमाल हजर करतात तेव्हा बंदूक कशी येते सांगू? पांढऱ्या कापडात शिवलेली, शिवणीवर लाखेच्या मोहोरा. कारकून न्यायाधीशांना मोहोर शाबूत असल्याचं दाखवतो, कात्रीनं टाके कापतो, आतून एक तेलकट, अपेक्षेपेक्षा जड वस्तू निघते, तिला दोऱ्यानं बांधलेली पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. साक्षीदार ती हातात घेऊन नंबर वाचतो आणि 'हीच ती' म्हणतो. माझ्यासमोर अशी कापडं उघडली गेली त्यात घरात घुसलेल्या दरोडेखोराला मारलेली बंदूक क्वचितच असायची. असायची ती दारूच्या नशेतल्या भांडणातली, भाऊबंदकीतली, नवरा-बायकोतली. परवाना चोख, नोंदी चोख.

आणि कोर्टापर्यंत न येणारं निराळंच. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. वाईट रात्र सगळ्यांच्याच आयुष्यात येते आणि पुष्कळदा सरतेही. हाताशी बंदूक असली तर ती सरायला वेळच मिळत नाही.

शिवाय व्यवहाराची अडचण. बंदूक कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, असं शहाण्यासारखं ठेवलंत तर दारात माणूस उभा असताना ती हाताशी नसते. भरून उशाशी ठेवलीत तर ती तुमच्याइतकीच घरातल्या पोराच्याही हाताशी असते. हा पेच कुठल्याही देशाच्या कायद्यानं सुटलेला मला दिसलेला नाही. तुमच्या जागी मी असते तर आधी दार, कडी, दिवा, फोन आणि एक जागरूक शेजारी यांची तजवीज केली असती. हे ऐकून राग येईल. आला तर पुन्हा लिहा.

प्रश्न : कायदे कितीही कडक करा, गुन्हेगार परवाना मागायला येत नाही. बंदी घातली की बंदुका फक्त गुंडांकडे राहतात. हे तुमच्यासारख्या वकिलांना कधी कळणार?
(एक व्यापारी)

उत्तर : अर्धं कळलेलं आहे. गुंडाच्या कमरेला असतो तो गावठी कट्टा, त्याला परवाना, नंबर काही नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली ती याचमुळे. त्याच वेळी न्यायालयानं हेही बजावलं की अमेरिकेसारखा मूलभूत हक्क इथं कुणाला दिलेला नाही.

उरलेलं अर्धं असं. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. मारणाऱ्याची पिस्तुलं परवान्याची होती. १९८७ मध्ये इंग्लंडात हंगरफर्डला झालेल्या हत्याकांडातली शस्त्रंही परवान्याचीच. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ माणसं गेली, त्या माणसाकडेही परवाना होता. गोळी झाडेपर्यंत हे सगळे कायद्याच्या दृष्टीनं सज्जनच होते. उलट उदाहरणही देते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सोयीचं तेवढंच सांगतात : २८ एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थर इथं ३५ जणांना मारणाऱ्याकडे परवाना नव्हता. पण त्याच्या हातातल्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफली मुळात सर्रास विकत मिळत होत्या म्हणून त्याच्यापर्यंत पोचल्या.

त्यानंतर ऑस्ट्रेलियानं काय केलं ते वाचण्यासारखं आहे, कारण तिथलं सरकार उजव्या बाजूचं होतं आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या मतदारांत बंदूकवाले शेतकरी भरपूर होते. दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांना एका कराराला राजी केलं. सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि पंप शॉटगन सामान्य लोकांसाठी बंद, प्रत्येक शस्त्राची नोंद, प्रत्येक खरेदीआधी २८ दिवसांचं थांबणं, आणि परवान्यासाठी खरं कारण. लोकांच्या हातातली शस्त्रं फुकट हिसकावली नाहीत, भरपाई देऊन विकत घेतली. साडेसहा लाखांच्या आसपास शस्त्रं अशी परत आली आणि वितळवली गेली. शेतकऱ्याकडची साधी रायफल राहिली, नेमबाजाची राहिली.

कायदा गुंडाला संत करत नाही. जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल मिळतच नाही. शॉटगन हवी तर वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरचा दाखला, आणि रायफल हवी तर आधी दहा वर्षं शॉटगन नीट सांभाळून दाखवावी लागते. तरीही ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना एकानं घरी जुळवलेल्या बंदुकीनं मारलं. ती बातमी जगभर इतके दिवस चालली, कारण तिथं असं घडत नाही.

प्रश्न : मोटारीखाली बंदुकीपेक्षा जास्त माणसं मरतात. मोटारींवर बंदी घालता का?
(त्याच व्यापाऱ्याचं दुसरं पत्र)

उत्तर : नाही. मोटारीला नंबर लावतो, चालवणाऱ्याची परीक्षा घेतो, विमा सक्तीचा करतो आणि दारू पिऊन चालवली तर परवाना काढून घेतो. एवढं बंदुकीला लागू करायला तुमची हरकत नसेल तर आपलं भांडण मिटलं.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी रायफल असते आणि तरी तिथं शांतता आहे. मग दोष बंदुकीचा कसा?
(एक शिक्षिका)

उत्तर : घरोघरी नाही, पण बऱ्याच घरांत असते हे खरं. तिथं पुरुषांना सैनिकी सेवा सक्तीची आहे आणि सेवेच्या काळात शस्त्र घरी ठेवायची पद्धत आहे. म्हणजे ज्याच्या घरी रायफल आहे त्याला ती धरायला, उघडायला, पुसायला आणि न वापरायला सैन्यानं शिकवलेलं असतं. अमेरिकेच्या त्या दुरुस्तीत 'शिस्तबद्ध नागरी सेना' म्हटलंय तिच्या सगळ्यात जवळ जाणारा देश हाच असावा. आणि तिथंही ढील देत नाहीत. २००७ पासून सैन्याची काडतुसं घरी ठेवणं बहुतेकांसाठी बंद झालं. सैनिकी शस्त्रं कोठारातच ठेवावीत असा प्रस्ताव २०११ मध्ये जनमताला टाकला, लोकांनी तो फेटाळला. २०१९ मध्ये युरोपीय संघाचे कडक नियम स्वीकारायचे का, असं विचारलं, तेव्हा मोठ्या बहुमतानं होकार दिला. दोन्ही वेळी लोकांना विचारलं, हे मला आवडतं.

प्रश्न : जिवाला धोका आहे म्हणून परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांचा अहवाल गेला, त्यालाही खूप दिवस झाले. कार्यालयात गेलं की 'साहेबांच्या टेबलावर आहे' एवढंच ऐकायला मिळतं. माझ्या मागून अर्ज केलेल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याला मात्र मिळाला. तुमची 'परवानगी' ती हीच का?
(एक कंत्राटदार)

उत्तर : हीच, आणि हिच्यामुळेच लोक 'हक्क द्या' म्हणू लागतात. मघाशी मेहेरबानी म्हटलं ती ही.

कायद्यात काय आहे ते सांगते, कारण खिडकीवर ते सांगत नाहीत. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमानुसार अर्ज आल्यावर पोलीस अहवाल मागवून परवाना अधिकाऱ्यानं मंजूर किंवा नामंजूर असा लेखी आदेश काढायचा असतो. चौकशीच्या नावाखाली अर्ज टेबलावर वाळत घालणं हा तिसरा पर्याय कायद्यात नाही. नाकारायचा तर १४ व्या कलमातली कारणं हवीत : अर्जदार कायद्यानं अपात्र आहे, त्याची मानसिक स्थिती ठीक नाही, किंवा सार्वजनिक शांततेला, सुरक्षिततेला धोका आहे, अशी. तुमच्या नावावर पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. नाकारलं तर कारणं नोंदवायची आणि मागितली तर थोडक्यात द्यायची. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच ती रोखता येतात. १८ व्या कलमाखाली अपील आहे.

तेव्हा आधी लेखी पत्र द्या की आदेश काढा, होकाराचा किंवा नकाराचा. पोच घ्या. त्यावरही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून 'अमुक मुदतीत निर्णय द्या' एवढंच मागता येतं. 'परवाना द्या' असं मागू नका, ते न्यायालय अधिकाऱ्यावरच सोपवेल. नकार आला तर तो हातात पडल्यापासून अपिलाची मुदत सुरू होते, तेव्हा लिफाफा फोडल्याची तारीख लिहून ठेवा.

अर्ज पुन्हा एकदा वाचूनही बघा. कारणाच्या रकान्यात बहुतेक लोक 'स्वसंरक्षण' एवढा एकच शब्द लिहितात आणि मग अधिकारी कंटाळतो. तिथं तारखा लिहा. धमकी कधी आली, कुणाकडून, तक्रार कुठल्या ठाण्यात, तिचा क्रमांक काय. रोकड घेऊन फिरावं लागत असेल तर तेही. पुतण्याचा विषय अर्जात अजिबात आणू नका, अपिलात आणा, तिथं त्याचा उपयोग आहे.

एक अगोचर सल्ला. परवाना मिळाला तर लग्नाच्या वरातीत हवेत बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मर्यादा आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली.

प्रश्न : वडील नुकतेच गेले. त्यांच्या कपाटात बारा बोअरची दुनळी आणि काडतुसांचा एक डबा आहे. परवाना त्यांच्या नावावर. आई म्हणते राहू दे, त्यांची आठवण आहे. भाऊ म्हणतो विकून टाकू. आम्ही काय करावं?
(एक वाचक)

उत्तर : तुमच्या दुःखात हे सांगणं बरं वाटत नाही, पण आठवण म्हणून राहू देता येणार नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायला तुमच्यापैकी कुणालाही अधिकार उरलेला नाही. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे गेली, असं आईंना वाटत असेल तर त्यांना सांगा की मालकी वारसांचीच राहते. तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या नावावर परवाना मागू शकता, वारसासाठी नियमांत तरतूद आहे. मिळाला की बंदूक परत घरी येईल. कुणालाच नको असेल तर परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येते. मात्र जमा करून विसरून गेलात आणि मुदत उलटून गेली, तर ती सरकारजमा होऊ शकते.

भावानं परस्पर गिऱ्हाईक आणलं तर त्याला तिथंच थांबवा. परवाना नसलेल्याला विकणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यात विकणाराही अडकतो.

जमा करायला स्वतः बंदूक उचलून गाडीत टाकू नका. आधी ठाण्यात फोन करा, मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं परवान्याचं पुस्तक दाखवा, आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच ठरवू द्या. दुनळी उघडून आत काडतूस आहे का ते बघायचा मोह होईल. सवय नसेल तर हात लावू नका. भरलेलीच आहे असं समजून नळ्या भिंतीकडे ठेवा आणि कपाटाला कुलूप घाला. पावती घेताना तिच्यावर कंपनीचं नाव, बंदुकीचा नंबर आणि दस्त्यावर काही ओरखडा, मोडतोड असेल तर तीही लिहून घ्या. काडतुसं मोजून द्या आणि त्यांचा आकडा पावतीवर वेगळा येऊ द्या, कारण परवान्याच्या पुस्तकात खरेदीची नोंद असते आणि उद्या तो आकडा तुम्हालाच जुळवून दाखवावा लागेल.